झिंजुर्डे यांची हिरवी हरकत

बिभीषण झिंजुर्डे यांनी केडगावात फ्लॅट घेतला तो मागच्या गॅलरीसाठी. हॉल अरुंद होता. स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरूनच विचारपूस करावी लागे. बेडरूमची खिडकी शेजारच्या इमारतीच्या खिडकीला इतकी खेटून होती की पडदा उघडायची सोय नव्हती. पण गॅलरीत उभं राहिलं की समोर मोकळं रान. फ्लॅट विकणाऱ्याने तेव्हाच नकाशा पसरून सांगितलं होतं, "झिंजुर्डेसाहेब, हा हिरवा पट्टा आहे. ग्रीन झोन. सूर्य-चंद्र असेपर्यंत इथे वीट चढणार नाही."

आता हिरवा पट्टा म्हणजे वर्षातले चार महिने हिरवा. बाकीचे आठ महिने तो नगरच्या कुठल्याही रानासारखा गोणपाटाच्या रंगाचा असे. पण झिंजुर्डे यांच्या मते रंग हा श्रद्धेचा विषय होता. नकाशावर हिरवा म्हणजे हिरवा.

झिंजुर्डे एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. 'मिरजगावमार्गे कर्जतकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे' असं कर्ण्यातून जो आवाज सांगतो, तो आवाज म्हणजे झिंजुर्डे. उभ्या जिल्ह्याने हा आवाज ऐकला होता, आणि ऐकून झाल्यावर उभ्या जिल्ह्याने शेजारच्या माणसाला 'ही कुठली गाडी हो?' असंच विचारलं होतं. दिवसभर बोलून कोणीच ऐकत नसेल तर माणसाला संध्याकाळी कोणाशीही न बोलता चहा प्यायला एक जागा लागते. ती जागा म्हणजे गॅलरी.

होळी झाली आणि त्या रानात फलक उभा राहिला. 'हिरवाई हाइट्स. निसर्गाच्या कुशीत दोन आणि तीन बेडरूमची घरे.' फलकावर एक डेरेदार झाड होतं. त्या रानात आजवर दिसलेलं ते पहिलंच डेरेदार झाड.

"अश्विनी, हे बघ काय," झिंजुर्डे बायकोला म्हणाले. "निसर्गाच्या कुशीत म्हणे."

अश्विनीबाईंनी कणीक मळता मळता डोकावून पाहिलं. "कुशीत शिरायचं म्हटल्यावर थोडी धक्काबुक्की व्हायचीच," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

झिंजुर्डे यांनी सोसायटीची सभा बोलावली. बोलायला उभे राहिले आणि सवयीने आवाज असा काही लागला की पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी आपापल्या पिशव्या उचलल्या. तरीही त्यांनी मुद्दा मांडला. शहराभोवतीचा हिरवा पट्टा म्हणजे शहराची फुप्फुसं. आज हा पट्टा गेला, उद्या नगरला श्वास घ्यायला पुण्याला जावं लागेल.

सभेत लगेच मतं आली. एकाने विचारलं की हाइट्सला लिफ्ट आहे का. दुसऱ्याने फलकावरचा फोन नंबर कुजबुजत विचारला. तळमजल्यावरच्या गृहस्थांचं म्हणणं पडलं की आपलीही इमारत बांधायच्या आधी इथे ज्वारी होती, तेव्हा फुप्फुसांचा विषय जरा जपूनच काढावा. झिंजुर्डे यांनी हा मुद्दा ऐकलाच नाही. चांगल्या कार्यात काही गोष्टी ऐकायच्या नसतात.

शेवटी राधाकृष्ण निमसे उठले. निमसेकाका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांनी लोकांची कामं कशी अडतात हे शिकून घेतलं होतं आणि निवृत्तीनंतर ती विद्या ते मोफत वाटत. "बिभीषणराव, भावना बाजूला ठेवा," ते म्हणाले. "बिल्डरने झोन बदलायचा अर्ज केलेला असणार. त्यावर हरकत घ्यायची. मग सुनावणी. मग स्थळपाहणी. हरकत हे फार मोठं शस्त्र आहे. मी स्वतः कित्येकांना त्याने जेरीस आणलंय."

मग झिंजुर्डे हरकत घेऊन त्या ऑफिसात गेले. कुठलं ऑफिस ते सांगत नाही; ज्यांना कधी जावं लागलंय त्यांनी ओळखलंच असेल. तिथल्या खिडकीतल्या साहेबांनी हरकत शांतपणे वाचली आणि विचारलं, "तुमचा संबंध काय या जमिनीशी?"

"मी रोज बघतो तिच्याकडे."

"बघण्याने हक्क लागत नाही. पण असू द्या, हरकत कोणालाही घेता येते." साहेबांनी शिक्का मारला. "मुद्दा एवढाच, की अर्जदाराने लिहिलंय, जमीन पडीक, खडकाळ, पाण्याची सोय नाही, शेतीला निरुपयोगी. म्हणून निवासी करून द्या. तुमचं म्हणणं?"

"अहो, ग्रीन झोन आहे तो."

"झोन ग्रीन आहे हो. जमीन ग्रीन आहे का? पुढच्या आठवड्यात पाहणीला माणूस येईल. त्याला काही हिरवं दिसलं पाहिजे ना."

झिंजुर्डे घरी येऊन गॅलरीत उभे राहिले. मार्च सरत आला होता. समोर नजर जाईल तिथवर कुसळं, दगड, आणि मधोमध एक बाभूळ. ती सुद्धा हिरवी कमी आणि काटेरी जास्त. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्या रानाकडे सरकारी नजरेने पाहिलं आणि तसेच ते निमसेकाकांकडे गेले.

"हिरवं करून टाकू," निमसेकाका म्हणाले. "प्रत्येकाच्या गॅलरीत कुंड्या आहेत. पाहणीपुरत्या लावायच्या रानात. जमिनीला काय कळतंय, झाड कुठून आलं."

जमिनीला कळत नसलं तरी मालकिणीला विचारणं भाग होतं. रान छबूबाई सातपुत्यांचं होतं. साठीच्या पुढची, काटक बाई. रानाच्या कडेला तिचं घर, दारात दोन म्हशी आणि शेळ्यांचा एक बेशिस्त कळप. मुलगा भागवत सुप्याला कंपनीत कामाला होता आणि जमीन विकायला एका पायावर तयार होता. छबूबाईचे दोन्ही पाय मात्र अजून जमिनीवर होते.

"झोन बदलला तर खरेदी द्यायची, असं बोलनं झालंय करणशेठसंगं," तिने सांगितलं. करण गाडळकर हा हिरवाई हाइट्सचा बिल्डर. "पानीच न्हाई तर रान ठिवून करू काय? पर न्हाई बदलला तर आपलं रान हायेच. मी काय इका बी म्हनत न्हाई आन नका इकू बी म्हनत न्हाई."

"मग आम्ही थोडी झाडं लावली तर चालेल?"

छबूबाईने झिंजुर्डे यांच्याकडे, मग निमसेकाकांच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. "लावा की. पर आधी धोंडं येचावं लागत्याल. धोंड्यात झाड तग धरीत न्हाई."

म्हणून सोसायटी दगड वेचायला लागली. सकाळी फिरायला जाणारी मंडळी आता रानात वाकू लागली. छबूबाई बांधावर बसून सांगे, "तो बी घ्या. त्यो न्हवं, त्याच्या पल्याडचा." दगड टाकायचे कुठे, तर तिच्या गोठ्यामागे, जिथे तिला नेमका ओटा घालायचा होता. मग हरळी खणून झाली. मग बांध नीट झाला. झिंजुर्डे यांच्या तळहाताला फोड आले आणि स्टँडवर त्यांनी एकदा शेवगावची गाडी श्रीगोंद्याच्या फलाटावर लावली. तीनशे माणसं इकडून तिकडे पळाली. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी त्यांचं नीट ऐकलं होतं.

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी कुंड्या निघाल्या. क्रोटन, मनी प्लांट, आडुळसा, कोरफड, चिनी गुलाब. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी प्लास्टिकचं एक झाड दिलं, कारण ते कधीच सुकत नाही. झिंजुर्डे यांनी उत्साहाच्या भरात घरचा कढीपत्ताही नेला. अश्विनीबाईंना हे पोह्यांच्या फोडणीच्या वेळी समजलं. त्या कढईवर झाकण ठेवून खाली रानात आल्या, सर्वांसमोर दोन डहाळ्या तोडल्या आणि एक शब्दही न बोलता परत गेल्या. तो एक न बोललेला शब्द झिंजुर्डे यांना नंतर बरेच दिवस ऐकू येत होता.

पाहणीच्या दिवशी मंडळी इस्त्रीचे कपडे घालून बांधावर उभी राहिली. अकरा वाजले. बारा वाजले. एक मोटारसायकलवाला थांबला आणि म्हणाला, "नर्सरी नवीन टाकली का? जास्वंद आहे का डबल पाकळीची?" झिंजुर्डे यांनी त्याला हिरव्या पट्ट्याचं महत्त्व समजावून सांगितलं. त्याने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कुंडीसकट देता की नुसतं रोप?"

पाहणीचा माणूस काही आला नाही. त्याची बदली झाली होती, आणि नवीन अधिकारी कधी येणार हे जुन्या अधिकाऱ्यालाच विचारा असं ऑफिसातून उत्तर मिळालं. कुंड्या परत नेऊन पुन्हा आणण्याचं त्राण कोणात नव्हतं. "राहू द्या दोन दिवस," निमसेकाका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, छबूबाई डुलकी घेत असताना, शेळ्यांनी पाहणी केली. ती त्यांनी अत्यंत काटेकोरपणे केली. क्रोटन पहिल्यांदा गेलं, मग गुलाब, मग मनी प्लांट मुळासकट. कोरफड एकीने तोंड लावून मागून येणाऱ्या शेळीसाठी ठेवली. आडुळसा शेळी खात नाही असं म्हणतात. या शेळ्यांनी तसं काही ऐकलेलं नसावं. संध्याकाळी रानात उरलं ते फक्त प्लास्टिकचं झाड, तेही एका बाजूने चघळलेलं.

सोसायटीचा संताप अनावर झाला. पण छबूबाईवर रागवायची कोणाची छाती होईना, म्हणून सर्वजण झिंजुर्डे यांच्यावर रागावले. सातपुत्यांच्या दारात जाऊन झिंजुर्डे कसेबसे म्हणाले, "मावशी, शेळ्या बांधून ठेवायच्या होत्या ना."

"बांधल्या हुत्या की," छबूबाई म्हणाली. "पर तुमी इतक्या हौसंनं लावलं, त्यास्नी वाटलं त्यांच्याचसाटी लावलंय." मग जरा थांबून म्हणाली, "शेळीनं खाल्लं म्हंजी खरं हिरवं हुतं. एवडं तरी सिद्ध झालं."

झिंजुर्डे खचले. महिना असाच गेला. सोसायटीत त्यांना पाहिलं की लोक आपल्या रिकाम्या गॅलरीकडे बघत. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी तर "विभीषण म्हटल्यावर लंका जळणारच" असा विनोद केला. लंका विभीषणाने जाळली नव्हती हे सांगायला झिंजुर्डे जिन्यातून परत खाली गेले. तोवर दार लागलं होतं.

आणि मग एका सकाळी, बऱ्याच दिवसांनी, गॅलरीत चहा घेऊन उभे राहिले, तर समोर रान हिरवंगार.

झिंजुर्डे यांनी चष्मा पुसला. रान तसंच. मखमलीसारखी हिरवळ, तीवर तुषार उडतायत, कडेने उंच पाम झाडांची रांग. एक झाड तर क्रेनला लटकत अजून येत होतं. माणसं हिरवळीचे गुंडाळे सतरंजीसारखे उलगडून पसरत होती, सोसायटीनेच दगड वेचून साफ केलेल्या जमिनीवर. मधोमध मांडव पडला होता.

झालं होतं असं, की करणशेठना अक्षय तृतीयेचा मुहूर्त गाठायचा होता. झोन अजून बदलला नव्हता म्हणून उघड बुकिंग करता येत नव्हतं. म्हणून त्यांनी 'निसर्गप्रेमींचा स्नेहमेळावा' ठेवला होता. आता निसर्गप्रेमी आमरस खायला येणार आणि त्यांना निसर्ग दिसायला नको? पाम आणि लॉन जगवायला पाणी हवं, म्हणून आठवडाभरापूर्वी त्यांनी बोअर घेतली. त्या रानात पाणी नाही हे केडगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मशीन रात्रभर धुरळा उडवत राहिली, आणि पहाटे असा फवारा उडाला की मशीनवाला भिजला, भागवत भिजला आणि दूर बांधावर तपकीर ओढत बसलेली छबूबाईही भिजली. ती पुसायच्याही भानगडीत पडली नाही. तशीच बसून राहिली.

अक्षय तृतीयेला झिंजुर्डे यांनी ड्युटी बदलून घेतली आणि चघळलेलं प्लास्टिकचं झाड परत आणण्याच्या निमित्ताने मेळाव्यात शिरले. मांडव भरला होता. त्यांच्या सोसायटीतली निम्मी मंडळी पहिल्याच रांगेत आमरस ओरपत होती. निमसेकाकाही होते. "शत्रूच्या गोटात राहून माहिती काढतोय," ते वाटीतून मान वर करून म्हणाले.

करणशेठ पांढराशुभ्र शर्ट घालून माइकवर बोलत होते. "मंडळी, बघा जरा आजूबाजूला. ही हिरवळ. ही काळीभोर जमीन, इथे काहीही पिकतं. आणि पाणी तर विचारू नका, नगरमध्ये एवढं पाणी कुठेच नसेल."

मागून एक बाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात छत्री, सोबत एक शिपाई. त्या होत्या ज्ञानेश्वरी म्हस्के, बदलीवर आलेल्या नवीन अधिकारी. साचलेल्या पाहण्या त्या एकेक करून उरकत होत्या, आणि त्या दिवशी केडगावची पाळी होती. अक्षय तृतीयेची सुट्टी सरकारी कॅलेंडरात नसते, हे करणशेठ विसरले होते.

"हरकतदार कोण?" म्हस्केबाईंनी विचारलं.

झिंजुर्डे पुढे झाले. गेला महिनाभर पाठ केलेलं सगळं भाषण त्यांच्या घशाशी आलं, पण शिपायाने समोरचा माइक त्यांच्या हातात दिला आणि घात झाला. माइक हातात आल्याबरोबर वीस वर्षांची सवय बोलली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," झिंजुर्डे म्हणाले. "हिरवा पट्टा... हिरवा पट्टा फलाटावर..." पुढचं काही सुचेना. झिंजुर्डे यांनी माइक खाली ठेवला आणि हातातलं प्लास्टिकचं झाड पाठीमागे लपवलं.

"बरं," म्हस्केबाई म्हणाल्या. "अर्जदार?"

करणशेठ हात जोडत आले. "मॅडम, आधी आमरस घ्या. मग निवांत ऑफिसात बोलू."

"ऑफिसात कशाला, जागेवर आलेच आहे. अर्जात तुम्ही लिहिलंय, जमीन खडकाळ, पडीक, पाण्याची सोय नाही. हे बरोबर आहे?"

करणशेठनी मांडवाकडे नजर टाकली. समोर खुर्च्यांवर निसर्गप्रेमी आमरसाच्या वाट्या मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होते. बरोबर आहे म्हणावं, तर ही माणसं उठून जाणार. चूक आहे म्हणावं, तर अर्ज जाणार.

"म्हणजे तसं बघायला गेलं तर..." करणशेठ म्हणाले.

"अहो, पाणी आहे की नाही ते एकदा सांगा," पहिल्या रांगेतून तळमजल्यावरचे गृहस्थ म्हणाले. "पाणी नसेल तर आम्ही कशाला बसलोय उन्हात?"

"आहे ना, भरपूर आहे," करणशेठ घाईने म्हणाले.

"आणि जमीन खडकाळ आहे?" म्हस्केबाई.

मागून एक आजोबा म्हणाले, "खडकाळ असेल तर पायाचा खर्च वाढेल हो."

"छे हो, एक दगड सापडायचा नाही," करणशेठ कळवळून म्हणाले.

"न्हाईच सापडायचा," छबूबाई मांडवाच्या खांबाला टेकून म्हणाली. "समद्या सोसायटीनं येचल्यात."

म्हस्केबाईंनी बोअर पाहिली, मुठीत माती घेऊन पाहिली, शिपायाकडून फोटो काढून घेतले. "जमीन लागवडीयोग्य, पाणी मुबलक, अर्जदारास मान्य," असं त्या बोलता बोलता लिहीत गेल्या. जाताना त्यांनी आमरस नाकारला आणि पामच्या झाडाला मात्र हळूच बोट लावून खरं आहे का ते पाहिलं.

अर्ज फेटाळला गेला. सोसायटीने झिंजुर्डे यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. सत्काराचं भाषण निमसेकाकांनी केलं आणि त्यात स्वतःचाच उल्लेख जास्त आला. झिंजुर्डे खांद्यावरच्या शालीची घडी नीट करत होते. आपण नेमकं काय केलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण शाल चांगली होती.

करणशेठची माणसं लॉनचे गुंडाळे आणि पाम घेऊन गेली. मग ते स्वतः आले आणि छबूबाईला बोअरबद्दल बोलू लागले. मोटार त्यांनी काढून नेलीच होती. प्रश्न बोअरचा होता.

"न्या की मग," छबूबाई म्हणाली. "माझी काय ना न्हाई. पर भोक कसं उचलताय, ते बघायचंय मला."

करणशेठनी त्या भोकात वाकून पाहिलं. मग त्यांनाच हसू फुटलं. छबूबाईने त्यांना चहा पाजला. भागवतने दुसऱ्याच आठवड्यात नवी मोटार बसवली. जमीन विकायची भाषा त्याच्या तोंडून परत आली नाही. म्हशींसाठी घास पेरला, उरलेल्या रानात कांदा.

जूनच्या तोंडाला झिंजुर्डे यांच्या दाराची कडी वाजली. छबूबाई होती. "भागवतला आज कंपनीतून सुट्टी न्हाई आन माझा पाय मुरगाळलाय. लाईट आली हाय. दारं धरायला या."

"मी?"

"हिरवं ऱ्हावं म्हनून तुमीच लई खटपट केली ना? मंग आता पानी कुनी द्यायचं?"

अश्विनीबाईंनी आतून घमेलं आणून दिलं. कशाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

झिंजुर्डे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रानात उतरले. छबूबाई बांधावर पाय पसरून बसली आणि सांगू लागली. पाट धरून पाणी येतं. एक वाफा भरला की खोऱ्याने त्याचं तोंड मातीने बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं. ऐकायला सोपं होतं. पहिला वाफा भरून फुटला, दुसरा कोरडा राहिला, तिसऱ्यात झिंजुर्डे स्वतः बसले. चौथ्यापासून मात्र हात बसू लागला. पाणी ढेकळांमधून वाट काढत यायचं, क्षणभर थबकायचं आणि मग भसकन आत शिरायचं. कोरडी माती चुळचुळ आवाज करत ते प्यायची.

तेवढ्यात बांधावर दोन स्कूटर थांबल्या. सावेडीची माणसं होती. त्यांच्याकडेही मागच्या मोकळ्या हिरव्या पट्ट्यात फलक लागला होता आणि झिंजुर्डे यांची कीर्ती तिथवर पोचली होती.

"झिंजुर्डेसाहेब कुठे भेटतील?" त्यांनी चिखलाने माखलेल्या त्या माणसाला विचारलं.

"मीच झिंजुर्डे."

"नमस्कार साहेब. आम्हाला फक्त एवढंच सांगा, तुम्ही हा पट्टा वाचवलात कसा?"

झिंजुर्डे खोऱ्यावर रेलले. कपाळावरचा घाम पुसताना तिथेही चिखल लागला. त्यांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे," ते गंभीरपणे म्हणाले, "सर्वप्रथम, हरकत हे फार मोठं..."

"वाफा भरला," छबूबाई बांधावरून म्हणाली.

झिंजुर्डे यांनी पायाकडे पाहिलं. पाणी काठोकाठ आलं होतं, आता एखाद्या क्षणात फुटणार. त्यांनी सावेडीकरांकडे पाठ फिरवली, दोन खोरी माती ओढून तोंड बुजवलं आणि पुढच्याचं फोडलं. पाणी झोकात वळलं.

"बूट काढून खाली या," ते वर न बघता पाहुण्यांना म्हणाले. "तिकडून दुसरा पाट फुटलाय, तो धरा आधी. मग सांगतो."